न ऐकलेल्या अर्थसंकल्पाची संघाने तारीफ केली, त्याची हकीकत

श्री. वाचणाऱ्याचे घर पक्के असो, ऐकणाऱ्याचे छप्पर अभंग असो. शके एकोणीसशे तीस, माघ मास. ते समयी राज्यात घरे बांधणारांचा संघ नांदत होता, केवलचंद शेठ त्याचे मुख्य, आणि कागद टंकावयास मालूताई दाभोळे. पूर्वी संघाची मंडळी रेडिओभोवती बसून अर्थसंकल्प शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत, मग चहा घेत, आणि मग बोलत. तो रिवाज आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. पुढे घाई वाढली आणि अभिप्राय आदल्या दिवशीच वर्तमानपत्रांस धाडण्याची चाल पडली. त्या वर्षीही शेठ म्हणाले, "मालूताई, लिहा. घरबांधणीस बळ देणारा, दूरदर्शी अर्थसंकल्प." ताई म्हणाल्या, "शेठ, आधी ऐकू तरी." शेठ म्हणाले, "वीस वर्षे दूरदर्शी आहे, एका रात्रीत त्यास मोतीबिंदू होतो काय?" मग कागद गेला. दुसरे दिवशी अर्थसंकल्पाच्या भाषणात दिवाणांनी अर्धवट बांधलेल्या घरांवर नवा कर बसविला, आणि शेठांची बारा मजल्यांची इमारत आठव्यावर थांबली. नवव्यावर मालूताईंचे घर व्हावयाचे होते, जन्माची चाकरी घालून घेतलेले.

मग संघ दरबारी गेला, कागदपत्रे सांभाळावयास ताईंस सोबत नेले, आणि कर उठवावा अशी अर्जी केली. दिवाणांनी वर्तमानपत्र पुढे सरकविले आणि म्हणाले, "बळ मिळाले असे तुम्हीच छापविलेत. मग कर काढावा कशास?" खरे सांगावे तर संघाची अब्रू जाते, म्हणून शेठ वदले, "शब्द आमचेच, सरकार. पूर्ण विचारांती लिहिले." मंडळींनी माना डोलविल्या. तेव्हा मालूताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "नाही, सरकार. भाषणाच्या आदल्या दुपारी मीच टंकिले." दिवाणांनी विचारिले, "आणि मागील वर्षांची तारीफ?" ताई म्हणाल्या, "तीही आदल्या दुपारचीच. फक्त तारीख बदलीत असे."

दरबार हसला. दिवाण हसले नाहीत. वीस वर्षांची कात्रणे त्यांनी जपून ठेविली होती, आणि संघास बळ आले असे त्यांवरूनच मानून कर बसविला होता. परंतु माणूस न्यायाचा. तारीफ खोटी तर कराचा आधारही खोटा, असे म्हणून त्यांनी कर उठविला. बाहेर येताच शेठ म्हणाले, "ताई, संघास तोंड उरले नाही." ताई म्हणाल्या, "शेठ, गवंड्यांस उद्याच बोलवा."

तात्पर्य, संघाचा अभिप्राय पुढे कोणी छापिला नाही, आणि ज्येष्ठात नवव्या मजल्याचा स्लॅब ओतला गेला.