रॅम्पसाठी धावा

परोपकार ही एकट्याने करण्याची गोष्ट नव्हे. एकट्याने केला तर तो चटकन उरकतो आणि केल्याचं कुणाला कळतही नाही. म्हणून मंडळ लागतं. मंडळाला अध्यक्ष लागतो, अध्यक्षाला समित्या लागतात, आणि या सगळ्यांचं ऐकून घ्यायला एक चिटणीस लागतो.

या मंडळाचा चिटणीस विमा कचेरीतून निवृत्त झालेला होता. स्वभाव इतका मऊ, की 'नाही' म्हणायचं असलं तरी तो 'बघतो' म्हणायचा. (मंडळाच्या नियमावलीत या पदासाठी एवढीच पात्रता लागते.) घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मग जिन्यावरून पडली आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत होती. गणित सुटलं, पण वाचन सुटलं नाही.

मैदानाच्या कडेला सार्वजनिक वाचनालय होतं. त्याच्या दाराशी तीन पायऱ्या. ताई पायऱ्यांखाली थांबायची आणि चिटणीस आत जाऊन हाताला लागेल ते पुस्तक घेऊन यायचा.

"हे मागच्या महिन्यात आणलं होतंस."

"पण आवडलं होतं ना?"

"नव्हतं."

ताईला फार काही नको होतं. कपाटापुढे जाऊन चार पुस्तकं चाळावीत आणि पाचवं आपल्या हाताने काढावं, एवढंच.

चिटणिसाने हे मंडळाच्या कानावर घातलं आणि मंडळ हेलावून गेलं. पायऱ्यांवर रॅम्प हवा, रॅम्पसाठी निधी हवा, आणि निधीसाठी लोकांना पहाटे उठवून पळवायला हवं, हे एकमताने ठरलं. त्यातूनच 'चाला आणि धावा' हा वार्षिक उपक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षीचा निधी टी-शर्टांत गेला. दुसऱ्या वर्षीचा ध्वनिक्षेपकांत. तिसऱ्या वर्षीचा, पहिल्या दोन वर्षांच्या यशाची पुस्तिका छापण्यात. पुस्तिका देखणी झाली होती. मुखपृष्ठावर पायऱ्या होत्या.

चौथ्या वर्षी मात्र तयारीत कसूर ठेवायची नाही असं ठरलं. पाणी समिती, शिट्टी समिती, बाण समिती अशा समित्या नेमल्या. धावायला माणसं कमी पडत होती, पण स्वयंसेवक उदंड होते, कारण शिट्टी फक्त स्वयंसेवकालाच मिळायची. चिटणीस दिवसभर फोनवर असायचा. एकाला शिट्टी हवी होती, दुसऱ्याला तीच शिट्टी हवी होती, आणि तिसऱ्याचं म्हणणं होतं की पहिल्याला ती मुळीच देऊ नये.

आदल्या संध्याकाळी खरा पेच पडला. मुख्य पाहुणे म्हणून गुडघ्यांचे नामांकित डॉक्टर यायचे होते. ते हजारोंचे गुडघे बदलून बसले होते, स्वतःचे तेवढे राहून गेले होते. त्यांना व्यासपीठाच्या पायऱ्या चढवेनात.

"हाताला धरून चढवू," चिटणीस म्हणाला.

"फोटोत बरं दिसेल का ते?" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मंडपवाल्याला हाक मारली. मंडपवाल्याने एक रुंद फळी आणली, खाली टेकू दिले, वर काथ्याची चटई अंथरली, कडेला कठडा बांधला. अध्यक्षांचा चहा निवायच्या आत रॅम्प तयार झाला. चिटणीस त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मनात काहीतरी येत होतं, पण तेवढ्यात शिट्टीवाल्याचा फोन आला.

कार्यक्रम मैदानावर थाटात झाला. बाण समितीतल्या गृहस्थांनी बाणाचा फलक उन्हासाठी डोक्यावर धरल्यामुळे अर्धे धावपटू भाजीबाजारात शिरले आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन परतले. (वेळेची नोंद मात्र चोख ठेवली गेली.) डॉक्टर रॅम्पवरून झोकात वर गेले. पहिल्या रांगेत बसवलेल्या ताईकडे हात करून म्हणाले, या भगिनीसाठी समाजाने एक पाऊल पुढे यायला हवं. समाजाने टाळ्या वाजवल्या.

मंडप सुटायला लागला तेव्हा ताई म्हणाली, "अरे, ती फळी तिकडे लावली तर?"

"कुठली?"

"डॉक्टर चढले ती. वाचनालय तर समोरच आहे."

मंडपवाला म्हणाला, "न्या की. माझ्याकडे नुसती पडूनच असते."

चौघांनी उचलली आणि पायऱ्यांवर टेकवली. मापाने केल्यासारखी बसली. ताई स्वतः चाकं फिरवत वर गेली आणि आत दिसेनाशी झाली. चिटणिसाने दारातून डोकावून पाहिलं. ती कपाटापुढे होती. तिने एक पुस्तक काढलं, पानभर वाचलं आणि परत जागेवर ठेवलं. इतक्या वर्षांत एखादं पुस्तक नाकारायची ही तिची पहिलीच वेळ.

तोवर बातमी अध्यक्षांपर्यंत गेली होती. तिथेच, पायऱ्यांशी, तातडीची सभा भरली.

"रॅम्प झाला, तर पुढच्या वर्षी आपण धावायचं कशासाठी?" अध्यक्षांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. खजिनदारांनी सांगितलं, की पुढचे टी-शर्ट सवलतीत आधीच छापून घेतलेत आणि त्यांवर 'रॅम्पसाठी धावा' असंच आहे. कुणीतरी सुचवलं की दुसरं काम शोधू. पण तेही एखाद्या फळीने भागलं तर काय, ही भीती रास्त ठरली. शेवटी, ताईंच्या सुरक्षिततेचा विचार करता तात्पुरती फळी काढून कायमस्वरूपी रॅम्पसाठी नव्या जोमाने प्रयत्न करावेत, असा ठराव मांडला गेला. अनुमोदनासाठी सगळे चिटणिसाकडे वळले.

"बघतो," तो म्हणाला. तेच अनुमोदन धरलं गेलं.

फळी गेली. ताई आत आहे, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ती मांडीवर पुस्तक घेऊन दारात आली आणि थांबली. मग शिट्टी समितीच्या चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. तो फोटो फारच हृद्य आला. यंदाच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ तोच आहे.

घरी जाताना ताई म्हणाली, "फळी काढली तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच."

"काय करत होतास?"

चिटणीस खुर्ची ढकलत राहिला. "बघत होतो."

फळी हल्ली मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली असते. खोलीला कुलूप नसतं. फळी उचलायला चार माणसं पुरतात आणि वाचनालयावरून रोज कितीतरी माणसं जातात. हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं असेल, की कुणीतरी ती उचलून पुन्हा तिथे नेऊन ठेवायला हवी होती.

मंडळाचंही अगदी हेच मत आहे. कुणीतरी.