परवानगीवाले आबा

आमच्या ऑफिसात पाण्याच्या माठाला कुलूप आहे. हसू नका, खरंच आहे. झाकणाला कडी, कडीला कुलूप आणि किल्ली शांताराम आबांच्या कमरेच्या करदोट्याला. पाणी मागितलं की आबा चष्म्यावरून बघतात. "कोनले पायजे?" मग सदरा वर, किल्ली बाहेर. उन्हाळ्यात धुळ्यात हा सोहळा बघत उभं राहायचं म्हणजे जीव जातो.

ऑफिस आमचं छोटंसं. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट सांभाळतो आणि लोकांच्या शोकपत्रिकाही चढवतो. सर्व्हर आबांच्या ताब्यात. तिथे प्रत्येक फाईलला एक मालक असतो, आणि बाकीच्यांनी ती वाचायची की नाही हे ठरवून द्यावं लागतं. साइट उघडत नाही म्हणून कुणी बोंब मारली की आबांचा पहिला प्रश्न, "मालक कोन शे?" घाईत कुणी सगळ्या फायली सगळ्यांना मोकळ्या करून टाकल्या की संपलंच. "बठ्ठासले बठ्ठं? तुना घरनं दार बी असंच उघडं ठेवस का?" पण खरं सांगते, आबांच्या हाताखालचा सर्व्हर कधी कुणी फोडला नाही.

आबांची बायको, आमच्या काकू, काही वर्षांपूर्वी गेल्या. आबांचा धाकटा भाऊ युवराज सुरतला असतो. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे त्याला काकूंनीच वाढवलेलं. पुढे शेताच्या वाटणीवरून भावाभावांचं बोलणं तुटलं. तरी वहिनीच्या गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याला, तो येईल, म्हणून आबा दिवसभर मांडवाच्या तोंडाशी बसून होते. तो आला नाही. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की, "तो मेला माले!" अंगावर काटा येतो ऐकून. आणि सुरतचं कुणी ऑफिसात आलं की हाच माणूस हळूच विचारतो, "तो बरा शे ना?"

गेल्या महिन्यात जुना सर्व्हर मोडीत काढायचं ठरलं. फायली नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्या गळ्यात. सगळ्या सुरळीत गेल्या आणि एकच अडली. परवानगी नाही, म्हणे! बघते तर काकूंची शोकपत्रिका. मालक, शांताराम. वाचायची मुभा फक्त मालकाला.

"आबा, ही तुम्ही बाहेरून उघडून बघितली होती का?"

"बाहेरून कशाले? मी सोता चढाडेल शे. मना लॉगिनवर उघडस."

"अहो, तुमच्या लॉगिनवर उघडणारच! मालक तुम्हीच ना! लिंक कुणाकुणाला पाठवली होती?"

आबा कमरेची किल्ली चाचपत सांगू लागले. बाकी साऱ्यांना छापील पत्रिका गेली होती. लिंक गेली होती ती एकट्या युवराजला. फोन केला असता तर नाक कापलं गेलं असतं ना! सोबत एक शब्द नाही, नुसती लिंक.

मी ती माझ्या मोबाईलवर उघडली. पांढऱ्या पानावर एक ओळ आली. आबांनीच हौसेने मराठीत करून घेतलेली. 'आपणास हे पाहण्याची परवानगी नाही.'

आबांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि खुर्चीत बसले. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. सर्व्हरला शिव्या घालाव्यात तर त्या मेल्याचा काय दोष? सांगितलं तेवढंच केलं होतं त्याने.

"फोन लाव," आबा म्हणाले. नंबर त्यांना तोंडपाठ होता. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"युवराज, ती लिंक... मना हातनी चूक व्हयनी रे. मी तुले बंद करेल नव्हतं."

 मला वाटलं, आता फोन ठेवणार हा.

"दादा, मी नरडाणा टेसनलोंग उनू व्हतू," युवराज म्हणाला. नरडाणा म्हणजे सुरतेहून येताना आमच्या धुळ्याजवळचं स्टेशन; तिथवर आला होता तो. "येळ कितली शे ते देखाले लिंक उघाडी. तठे लिखेल व्हतं, परवानगी नही. मंग तठूनच परतीनी गाडी धरी."

आबांनी मोबाईल दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. माझ्याच डोळ्यांना धार लागली. शेवटी ते कसंबसं म्हणाले, "उपाशीच गया का रे तू?"