आपल्या पाल्याची परिस्थिती

लातूरच्या ज्ञानमेरू क्लासेसमध्ये पालकांना मेसेज पाठवण्याचं काम श्रीनाथ देगलूरकरकडे होतं. नांदेडहून तो आला होता भौतिकशास्त्र शिकवायला. पण मुलाखतीत त्याच्या तोंडून 'मला कॉम्प्युटरचंही थोडं येतं' असं निघून गेलं, आणि संचालक व्यंकटराव सरांनी त्याला फळ्यापुढे उभं न करता सर्व्हरच्या खोलीत बसवलं.

आधीची व्यवस्था सगळे मेसेज एकदम सोडायची. त्यात 'उद्या सुट्टी' आधी पोचेल की 'सुट्टी रद्द', हे नशिबावर असायचं. एकदा अर्धे विद्यार्थी घरी राहिले तेव्हा सर कडाडले, "एकामागं एक पाठवा! रेशनच्या दुकानावानी. मधी कुणी घुसलं न्हाई पाहिजे."

म्हणून श्रीनाथनं नवा प्रोग्राम लिहिला. ऑफिसातून कुणीही मेसेज टाकला की तो रांगेत शेवटी उभा राहायचा. प्रोग्राम पडद्यामागे पुढचा एक मेसेज उचलायचा, पाठवायचा, आणि 'पोचला' असं उत्तर आलं की मगच दुसऱ्याला हात लावायचा. उत्तर आलं नाही, तर तोच पुन्हा पाठवायचा. श्रीनाथला त्याच्या या चिकाटीचा फार अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी वर्ग चालू असताना बाकं हलली, काचा खुळखुळल्या. धक्का बारीकच होता; पण लातुरात भूकंपाचं नाव कुणी हळू आवाजातसुद्धा काढत नाही. मुलांना मैदानात आणलं, मोजलं. सगळी होती. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. तास बुडाल्यामुळे बहुतेक खुशीतच होती.

"देगलूरकर, मेसेज टाका," व्यंकटराव सर म्हणाले. "सगळी मुलं सुखरूप हायत म्हणून. टीव्हीवर बातमी यायच्या आत गेला पाहिजे."

श्रीनाथनं टाकला. गेला नाही. पाहतो तर रांग कालपासून जागची हललेली नव्हती. सर्वांत पुढच्या मेसेजच्या नंबरच्या जागी लिहिलं होतं : 'फोन बंद हाय, शेजाऱ्याला लावा.' प्रोग्राम बिचारा आदल्या संध्याकाळपासून तो नंबर लावत बसला होता.

"गुंडप्पा, हे काय लिहिलंयस?" त्यानं ऑफिसच्या क्लार्कला विचारलं.

"पालक जे बोलले ते लिवलं, साहेब. मनाचं काई घातलं न्हाई."

श्रीनाथनं तो मेसेज उपटून फेकला. रांग भरभर धावू लागली. त्यानं हुश्श केलं, आणि मग काय धावतंय ते वाचलं.

काल चाचणीचा निकाल लागला होता. कमी मार्कांच्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच मुलांच्या पालकांसाठी सरांनी स्वतः मजकूर लिहून दिला होता : 'आपल्या पाल्याची परिस्थिती अत्यंत गंभीर आहे. त्वरित येऊन भेटावे.'

टीव्हीवर लातूर हादरल्याची बातमी एव्हाना लागली होती.

ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. एक उचलला तर पलीकडून नुसतं रडणं. दुसऱ्यावर कुणीतरी विचारत होतं, "कोणत्या दवाखान्यात नेलंय, तेवढं सांगा!"

"आपला सुखरूपचा मेसेज मधी घाला की!" सर ओरडले.

"सर, मधे कुणी घुसलं नाही पाहिजे, असं तुम्हीच..."

"मी हजार गोष्टी बोलतो हो! सगळ्या कशाला ऐकून राहिलात?"

श्रीनाथनं घाम पुसत प्रोग्राम थांबवला, रांगेतले उरलेसुरले गंभीर मेसेज काढून टाकले, सुखरूपचा मेसेज पहिला लावला आणि पुन्हा सुरू केलं. एक गोष्ट मात्र निसटली. थांबवताना जो मेसेज प्रोग्रामच्या हातात होता, तो त्याच्या हातातच राहिला. सुरू होताच प्रोग्रामनं तोच आधी पाठवला. तोवर सगळा जिल्हा एकमेकांना फोन लावत होता आणि नेटवर्कचा जीव गेला होता. मेसेज पोचत होता. 'पोचला' हे उत्तर काही परत येत नव्हतं. म्हणून पुन्हा. आणि पुन्हा. मग नेटवर्कच बंद पडलं, आणि सुखरूपचा मेसेज रांगेतच राहिला.

श्रीनाथ डोकं धरून खुर्चीत बसला. 'हे देवा,' तो मनात म्हणाला, 'आणखी एक धक्का दे, आणि फक्त या खोलीपुरता दे.'

दुपारपर्यंत रस्ता जीपगाड्यांनी भरला. फाटकातून पालक धावत येत होते, पोरांना पोटाशी धरून रडत होते, हसत होते. एका आईनं तर व्यंकटराव सरांचेच पाय धरले. "माझं लेकरू वाचवलंत, सर!" सरांनी नम्रपणे मान झुकवली.

शेवटची जीप किल्लारीची. तिच्यातून श्रीमंत नावाचा शेतकरी उतरला. त्याच्यामागून फावडी, पहारी आणि दोर घेतलेली दहाबारा माणसं. तो पुन्हा पुन्हा गेलेला मेसेज याच्याच फोनवर गेला होता.

"कुठं दबलीय पोरगी?" त्यानं विचारलं. "जागा दाखवा, मास्तर. आमाला उकरायची सवय हाय."

श्रीनाथनं नुसतं बोट केलं. मैदानात लिंबाखाली त्याची पुनम पोहे खात बसली होती. श्रीमंत तिच्यापुढं मटकन खाली बसला आणि तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवत राहिला.

आता सांगणं भाग होतं. श्रीनाथ पायरीवर चढला. "माफ करा. तो मेसेज भूकंपाचा नव्हता. चाचणीत मार्क कमी पडले, म्हणून गंभीर लिहिलं होतं."

एकेका चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"कमी म्हंजे किती?" कुणीतरी विचारलं. मघाशी पाय धरणारी आई मातीतच बसली. "आता डॉक्टर कसा होतो गं बाई!" एका बापानं पोटाशी धरलेलं पोरगं दूर ढकललं. "म्हणून हसून राहिला होतास व्हय रे?" बघता बघता मैदानभर रडारड सुरू झाली, आणि ही मघाच्यापेक्षा मोठी होती.

श्रीमंतनं पोरीकडं पाहिलं. "तुझे बी कमीच का?"

पुनमनं मान खाली घातली. "हाव."

"बरं," श्रीमंत म्हणाला, आणि तिच्या हातातली बशी आपल्याकडं ओढली. "थोडे दे. सकाळपून काई खाल्लं न्हाई."