महाराजांनी नक्षीकरवत धरिली त्याची बखर

विघ्ने हरणारा जो गजानन, त्यास आधी नमस्कार, आणि शाई पातळ, बोरू बोथट असताही जे घडले ते लिहावयास जी बुद्धी देते त्या शारदेस दुसरा नमस्कार. पदरचे काही घालीत नाही. घातले तर थोडके. शके सतराशे, विलंबी संवत्सर, चैत्र मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथील कारभाऱ्यांचे वंशज अद्याप कारभारात आहेत. त्या राज्यावर श्रीमंत निंबराज महाराज राज्य करीत होते. वय बावन्न, देह भारदस्त, मिशी त्याहून भारदस्त, आणि कामाचा उरक ऐसा की प्रातःकाळी एक हुकूम सोडावा, दोन प्रहरी तो फिरवावा, आणि सायंकाळी हा हुकूम कोणी सोडिला म्हणोन चौकशी लावावी. तेणेकरून कारभारी विसाजीपंत फार त्रासून गेले. पंत म्हणजे गोड बोलणारे, बारीक हसणारे, आणि दौलतीचा भार आपण एकटेच वाहतो हे भेटेल त्यास सांगणारे मुत्सद्दी. त्यांचे मनात एक मसलत शिजत होती. राज्याचे आग्नेयेस सोनघाट नामक घाट होता, आणि घाटाखाली वाडसे, झिरपे व करंबळ ही तीन गावे. पलीकडील राजास तो घाट हवा होता, आणि घाट मिळाल्यास तेथील सुभेदारी पंतांचे मेहुण्यास देऊ ऐसे वचन गुप्तपणे आले होते. तहनामा दसऱ्याचे दरबारी व्हावयाचा; उणे होते ते फक्त महाराजांचा शिक्का. महाराज कागद वाचतील ही धास्ती पंतांस नव्हती, कारण ते वाचीत नसत. धास्ती ही होती की शिक्का हाती असता नेमके तेच दिवशी त्यांस काही सुचेल. मग पंतांनी पलीकडील वकिलास लिहिले की, दसऱ्यापर्यंत महाराजांचे हातास पुरेल ऐसे काही काम पाठवून द्यावे.

त्याप्रमाणे वैशाखात नजराणा आला. घोडा नाही, पोशाख नाही, एक यंत्र आले. ओतीव लोखंडाचे पाय, वर गुळगुळीत मेज, मेजाचे मधोमध बारीक भोक, त्या भोकातून वरखाली नाचणारे दोऱ्याएवढे पाते, आणि पाते नाचवावे म्हणोन खाली पायाने दाबायची फळी. फिरंगी लोक यास जे नाव देतात ते कोणाचे जिभेस वळेना, सबब दरबारात विचार होऊन नक्षीकरवत ऐसे नाव ठरले. त्या विचारास तीन दिवस लागले. वकिलाने सांगितले की, यावर पातळ लाकडातून पाने, फुले, जाळी, जे मनात येईल ते कापिता येते, मात्र आरंभी थोडे शिकावे लागते. हे ऐकोन महाराज हसले आणि बोलिले की, आम्ही दोन लढायांत तलवार चालविली, पैकी एकीत ती म्यानाबाहेरही काढिली होती, आम्हांस या दोऱ्यापासून काय शिकणे आहे. मग त्यांनी सागवानाची दोन बोटे जाड फळी आणविली, आणि तीवर अंबारी, माहूत, झूल व घंटांच्या माळा यांसहित ऐरावताचे चित्र काढविले, ज्यात आतून कापायची बेचाळीस भोके होती. पहिल्या दिवसाचे काम म्हणोन हेच योजिले. मग पायाने फळी दाबिली, दोन्ही हातांनी सागवान पुढे रेटिले, आणि पाते तुटले. दुसरे बसविले, तेही तुटले. दोन प्रहरपर्यंत अकरा पाती तुटली, आणि बारावे तुटेना तेव्हा ते दर फेऱ्यास फळीच वर उचलू लागले, आणि फळी महाराजांचे हनुवटीस लागली. दरबारी मंडळी म्हणाली की, फळी उठोन मुजरा करिते, धन्य हे तेज. महाराजांनी हनुवटी चोळिली.

मग वाड्याचे दारे-खिडक्यांचे काम करणारा केरबा मेस्त्री यास बोलावणे गेले. केरबा सत्तरीचा, कमी बोलणारा, कानावर खडूचा तुकडा. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारिली, वाकोन पाहिले आणि म्हणाला, "सरकार, पाते उलटे बसले आहे." दरबाराने माना खाली घातल्या, कारण त्या राज्यात काही उलटे आहे ऐसे महाराजांसमोर बोलण्याची रीत नव्हती. केरबाने पाते काढिले, दात खालचे अंगास करून पुन्हा बसविले, मळसूत्र आवळिले आणि पात्यास नखाने टिचकी मारिली, तो ते तंबोऱ्याचे तारेसारखे वाजले. सैल पाते तुटते आणि वाकडे जाते, वाजेल इतके ताणावे, ऐसे त्याने सांगितले. मग सागवान व ऐरावत दोन्ही बाजूस ठेवोन शिवण झाडाची पातळ, मऊ फळी आणिली आणि तीवर खडूने आठ सरळ रेघा मारिल्या. महाराजांनी विचारिले की, यातून कोणता प्राणी निघणार. केरबा म्हणाला की, प्राणी कोणताच नाही, सरळ रेघ निघाली तरी पुष्कळ.

महाराज बसले. रेघ खडूची एकीकडे आणि कापिलेली दुसरीकडे, जैसा दारू प्यालेला शिपाई चौकीवर येतो तैसी. महाराज अधिकच रेटू लागले, तेव्हा केरबाने म्हातारा खडबडीत हात त्यांचे हातावर ठेविला आणि बोलिला, "ढकलू नका, सरकार. पाते आपल्या चालीने खाते. आपण फळी फक्त त्याच्या तोंडाशी न्यायची. वळण आले की फळी फिरवायची. आणि बोट समोर ठेवू नका, पात्याला राजा कळत नाही."

बावन्न वर्षांत महाराजांस कोणी ढकलू नका म्हणाले नव्हते, आणि ते ऐकोन राग यावयाचा तो आला नाही, याचे त्यांस स्वतःसच नवल वाटले. आठ दिवस त्यांनी रेघा कापिल्या. नवव्या दिवशी एक रेघ खडूवरून अशी गेली की खडूचे पांढरे दोन्ही कडांस सारखे राहिले, आणि महाराज ती चिपाटी हाती घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि बराच वेळ तिजकडे पाहत राहिले. राज्याभिषेकासही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता, ऐसे पाहणारे सांगतात. मग वळणे आली, मग गोल, मग दोरीने फिरणाऱ्या सामत्याने भोक पाडोन त्यातून पाते ओवून आतली नक्षी कापणे आले, आणि महाराज दिवसभर तेथेच बसू लागले, मिशीस भुसा, डोळ्यांत भुसा, जेवणाचे ताटातही भुसा. तेणेकरून हुकूम निघणे बंद जाहले, आणि राज्यात तीन महिने ऐसी शांती नांदली की रयत आपसात म्हणू लागली, सरकारांस बरे नाही की काय, आणि नसेल तर ऐसेच राहो. पंतांनी शिवणीच्या आणखी दोन गाड्या फळ्या मागविल्या.

आता या उद्योगाचा एक दोष होता की केलेली वस्तू कोणास तरी द्यावी लागे. सरदारांस मोर, बदके, वेली मिळाल्या, आणि मिळाल्या त्यांनी दिवाणखान्यात टांगिल्या. एका सरदाराने मोरास रहाट समजोन फार वाखाणिले, तो पुढे बढती पावला. श्रावणात महाराज एक हत्ती घेऊन आपल्या थोरल्या बहिणीकडे गेले. आक्कासाहेब बासष्ट वर्षांच्या, बारा वर्षांपासून दोन्ही डोळ्यांनी अंध, आणि त्या वाड्यात महाराजांस एकेरी हाक मारणारे तेवढेच एक माणूस. त्यांनी लाकडावरून बोटे फिरविली आणि म्हणाल्या की, डुक्कर चांगले उतरले आहे. महाराज खजील होऊन उठू लागले, तो आक्कासाहेबांनी हात धरोन बसविले. "निंबा, मला जनावरे नकोत. आपल्या आबासाहेबांबरोबर मी सगळी सरहद्द घोड्यावरून फिरले, तू तेव्हा पाळण्यात होतास. बारा वर्षे झाली, राज्य दिसले नाही. ते एकदा माझ्या हातात दे." 

मग महाराजांनी नकाशे काढणाऱ्या खंडो चितारी यास राज्याचा उत्तम नकाशा द्यावा म्हणोन सांगितले. खंडो हा साधा मनुष्य. त्याने विचार केला की सरकारांस द्यावयाचा तर जुना का द्यावा, आणि जो अगदी ताजा, नुकताच शाई सुकलेला होता तोच दिला. विसाजीपंतांस विचारण्याचे त्यास कारण दिसले नाही. महाराजांनी नकाशा खळीने फळीवर चिकटविला, आणि भाद्रपदभर काम केले. आधी बाहेरची सरहद्द कापिली, मग आतील नऊ परगणे सुटे केले की जोडिले असता एकमेकांत बसावे. उत्तरेस नदीकाठी दोनदा चुकले, आणि ते दोन परगणे नव्याने केले. परंतु आग्नेयेचे कोपऱ्यात त्यांचा हात ऐसा चालिला की केरबाही जवळ येऊन उभा राहिला. रेघ तेथे लांब, सलग वळण घेत आत येत होती, आणि महाराज न थांबता, श्वास धरोन, एका ओघात ती कापून बाहेर पडले. मग काचकागदाने कडा घासोन गालास लावोन पाहिल्या. असे काम आपले हातून पूर्वी जाहले नाही, पुढेही होईल न होईल, ऐसे ते केरबास बोलिले.

आश्विन शुद्ध नवमीस दोन प्रहरी ते लाकडी राज्य त्यांनी आक्कासाहेबांचे मांडीवर ठेविले.  त्यांची बोटे नदीवरून गेली, पश्चिमेचे रानावरून गेली, आणि त्या गावांची नावे एकेक घेत गेल्या, येथे आबासाहेबांचा घोडा बिथरला, येथे आम्ही ताक प्यालो, आणि महाराज लहान होऊन ऐकत बसले. मग बोटे आग्नेयेस आली आणि थांबली. मागे जाऊन पुन्हा आली, पुन्हा थांबली.

"निंबा, सोनघाट कुठे आहे?"

महाराज मोठ्या हौसेने म्हणाले, "आक्कासाहेब, तीच कड पाहा. सगळ्यात सुरेख तीच उतरली."

"कड गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे डोंगर होता. इथून माझे बोट खाली पडते."

 महाराज उठले, चोपदारास न सांगता स्वतः करवतीचे दालनात गेले, आणि केराचे टोपलीत हात घालोन चिपाट्या उपसू लागले. तळाशी ती फळी निघाली, हातभर कोपरा, त्यावर खळीने चिकटलेला कागद, आणि त्या कागदावर खंडोचे सुबक अक्षरात वाडसे, झिरपे, करंबळ. जुन्या सरहद्दीची रेघ खरवडून पुसली होती, तिचा व्रण मात्र राहिला होता. महाराज तेथेच भुशात खाली बसले. पंतांचा राग मागाहून आला. आधी हे आले की, गावे पंतांनी कागदावर दिली, आणि कापिली मात्र आम्ही, श्वास धरोन कापिली, आणि वर गालास लावोन पाहिली.

दुसरे दिवशी दसऱ्याचा दरबार भरला. पलीकडील वकील उजवे हातास, विसाजीपंत तहनामा व शिक्का तबकात घेऊन पुढे. महाराजांनी तबक बाजूस ठेविले, लाकडी राज्य सदरेवर मांडविले आणि बाहीतून ती फळी काढोन पंतांचे हाती दिली, आणि सांगितले की, ही बसवा. पंत बारीक हसले, पण फळी एकाच जागी बसण्यासारखी होती, आणि सगळा दरबार पाहत होता, मग त्यांनी ती बसविली. ती कडेस कड लागोन ऐसी बसली की मधली फट दिसेना. महाराजांनी विचारिले की, मग कागदात ही बाहेर कैसी गेली. पंत म्हणाले की, नकाशेवाल्याची नजरचूक. त्यावर खंडो चितारी हात जोडोन उभा राहिला आणि म्हणाला की, सरकार, नजरचूक नाही, पंतांनी समोर बसोन ती रेघ माझेकडून दोनदा खरवडून घेतली, पहिले वेळी त्यांस पुरेशी आत वाटली नव्हती.  वकिलास तेच क्षणी पोटशूळ उठला आणि तो निरोप न घेता गेला.

सगळ्यांस वाटले की आता पंतांचे शिर जाते, आणि चैत्र असता तर महाराजांचे मनातही तेच येते. परंतु त्यांनी त्या सांध्यावरून बोट फिरविले, आणि मग संथपणे बोलिले, "पंत, ही गावे कुठे आहेत ते तुम्हांस नीट ठाऊक नाही, आणि आम्हांसही नव्हते. तुम्ही आजपासून करंबळास जाऊन राहा. मेहुण्यासही न्या. त्यांस तिकडची फार ओढ आहे." हा हुकूम दोन प्रहरी फिरला नाही, सायंकाळी त्याची चौकशीही लागली नाही, आणि राज्याचे इतिहासात ऐसे प्रथमच जाहले.

मग महाराजांनी एक सरदार ढोल-ताशासह तिन्ही गावांस पाठविला, की रयतेस कळवावे, तुम्ही परक्याचे घशात गेला होता, सरकारांनी सोडविले, आनंद करावा. करंबळचे चावडीवर लोक जमले आणि शांतपणे ऐकते जाहले. मग यशोदा पाटलीण म्हणोन एक म्हातारी पुढे आली आणि तिने विचारिले की, आम्ही त्या राजाकडे किती दिवस होतो. सरदार म्हणाला की, कागदोपत्री दोन महिने. तिने विचारिले की, आम्हांस कळले का नाही. सरदार ताशेवाल्याकडे पाहू लागला. मग ती म्हणाली, "बरं, त्या दोन महिन्यांत तिकडच्या राजानं आमच्या ओढ्यावरच्या पुलाचं काही काढलं होतं का? तुम्ही तर वीस वर्षं काढलं नाही. दरसाल दोन माणसं वाहून जातात." सरदाराने हे जैसेचे तैसे हुजूर येऊन सांगितले.

महाराजांस फार वाईट वाटले, आणि ते मनापासून वाटले, यात लेखकास संशय नाही. त्यांनी तेच दिवशी शिवणीची फळी काढिली, आणि सहा महिने खपोन स्वहस्ते त्या पुलाचा नमुना केला, पाच कमानी, दोन्ही कठड्यांस वेलबुट्टीची जाळी, एकही पाते न मोडता, आणि तो रेशमी वस्त्रात गुंडाळोन करंबळास पाठविला. केरबाने तो पाहोन मान डोलविली, इतके ते काम निर्दोष होते.

येणेप्रमाणे राज्य अखंड राहिले, महाराजांचा हात सरळ जाहला, आक्कासाहेबांस सोनघाट परत मिळाला. पूल करंबळचे चावडीत कोनाड्यात ठेविला आहे, सणास त्याची धूळ पुसतात, आणि पावसाळ्याचे चार महिने ओढा भरला म्हणजे विसाजीपंत पलीकडे अडकून पडतात. इति.