नागसेनची मोजणी

मोजण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं नागसेनला त्या आठवड्यात वाटत होतं, आणि त्यात फार खोटंही नव्हतं. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत क्वांटम संगणकाच्या, भयंकर थंडीत गोठवलेल्या चिपवरचा क्युबिट शून्य आहे की एक, हे ओळखायचं त्याचं काम. संकेत हलका पाठवला तर उत्तर ऐकू येत नाही, जोरात पाठवला तर क्युबिटच बिथरतो! तीन वर्षं झगडून त्याच्या गटानं दर शंभर मोजण्यांतल्या तीन चुका एकीवर आणल्या. त्यातच वडील गेले. तो मातीला कसाबसा पोचला होता.

आईला फोनवर त्यानं एवढंच सांगितलं, की मोजणी सुधारली. चांगुणाबाईनं गावी, हुलसूरभर सांगितलं, लेक मोजणीतला मोठा साहेब झाला.

नागसेन सुट्टीला आला तर दारात व्यंकटकाका उभे. वडिलांचे थोरले भाऊ. बांधावरून अकरा वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं; धाकट्यानं बांध सरकवून आपली जमीन दाबली, असं काकांचं म्हणणं.

"बांध मोजून दे. तू म्हणशील ते मला मान्य."

आपण जमीन मोजत नाही, डोळ्याला न दिसणारं काहीतरी मोजतो, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. काका म्हणाले, मग बांध तर केवढा मोठा हाय, दिसंलच की!

निम्मी गल्ली शेतात जमली. कागदावर दोघांची रुंदी सारखी होती. नागसेननं टेप लावला. वडिलांची बाजू दोन हात जास्त भरली.

म्हणजे काका अकरा वर्षं खरं बोलत होते. नागसेननं मान खाली घालून तसं सांगितलं. काकांचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

"परत मोज."

परत तेवढंच आलं. तिसऱ्यांदाही तेवढंच. काका बांधावर बसले.

"तुजं चुकायलंय. दोन हातांपायी अकरा वर्षं मी त्याच्या दाराला गेलो न्हाई रं. आता कुणाला सांगू, माजं खरं व्हतं म्हणून?"

नागसेननं त्यांच्याकडं पाहिलं. मग टेप गुंडाळला.

"व्हय काका. टेप ढिला धरला मी. बांध हाय तिथंच बरोबर हाय."

काकांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि त्याच्या खांद्याला धरून उठले. घरी आल्यावर, अकरा वर्षांनी, धाकट्या भावाच्या ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला.

आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं, चांगुणाबाईच्या लेकाला साधा बांधसुद्धा मोजाया येत न्हाई.