उलटी छापलेली खोली

बाळने ठरवलं ते अगदी साधं होतं: नव्या फ्लॅटमध्ये अण्णांची खोली जुन्या घरातल्यासारखीच करायची. (बाळ हे त्याचं घरातलं नाव. केस गेले, चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही मोठं झालं नाही.)

बाळ एका गेम कंपनीत प्रदेश बनवायचा. ऑनलाइन गेममध्ये हजारो लोक तलवारी घेऊन ज्या गावांतून, जंगलांतून हिंडतात, ती गावं आणि जंगलं त्याची. दरवर्षी त्या गेमला नवा भाग जोडायचे आणि दरवर्षी साहेब म्हणायचे, "नवीन राज्य पाहिजे. फक्त नवीन काही बनवायला वेळ नाही." मग बाळ मागच्या वर्षीचं दलदलीतलं गाव काढायचा, डावीकडचं उजवीकडे करायचा, चिखलावर बर्फ पसरायचा, बेडकांच्या अंगावर लोकर चढवायचा, की झालं हिमराज्य. घरांची दारं नुसती रंगवलेली. कपाटं उघडत नाहीत. लढायला आलेला माणूस कपाट कशाला उघडतोय, असा त्याचा हिशेब. इतकी वर्षं हेच केल्यामुळे आता त्याला त्यात चूक काय तेही कळेनासं झालं होतं.

आई गेली आणि जुनं घर सोडावं लागलं. अण्णा म्हणाले, "महिनाभर बाळकडे राहून बघतो. नाही करमलं तर ताईकडे जाईन." ताईचं घर ऐसपैस होतं, अंगणात झोपाळा होता. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा, "अण्णा, करमतंय का?" ते ऐकलं की बाळचा चहा गार व्हायचा. त्याला अण्णा आपल्याकडे हवे होते. पण तसं तोंडाने म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

जुन्या कपाटाचा वाळवीने भुगा केलेला. भिंतीतली फळी भिंतीबरोबरच गेली. पण धंद्याच्या सवयीने बाळने त्या खोलीच्या कोपऱ्यान् कोपऱ्याचे फोटो काढून ठेवले होते. ते घेऊन तो फ्लेक्सवाल्याकडे गेला.

"भिंतीएवढं छापायचंय."

"कसलं उद्घाटन आहे?"

"उद्घाटन नाही. कपाट आहे."

"दुकान आहे का कपाटांचं?"

"नाही हो. वडिलांच्या खोलीत लावायचंय."

फ्लेक्सवाल्याने फोटो खालीवर पाहिला. "म्हणजे हे उघडणार नाही."

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. काय ठीक आहे ते दोघांनाही कळलं नाही.

नव्या खोलीचं दार दुसऱ्या बाजूला होतं, म्हणून बाळने चित्र उलटं करून छापून घेतलं. हिमराज्यात चालतं, तर इथे न चालायला काय झालं?

"अहो, कपाट छापून आणलंत?" बायकोने विचारलं.

"अण्णांना ओळखीचं वाटेल."

"आणि त्यांचे कपडे?"

"ते सध्या बॅगेत राहू देत."

बायको गॅस बारीक करायला गेली.

अण्णा फिरून आले, खोलीच्या दारात बराच वेळ उभे राहिले. "मेहनत घेतलीस," म्हणाले. बाळने ते कौतुक म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात खेळणाऱ्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. हिमराज्यातल्या खानावळीची पाटी उलटी आहे. हे मागचंच गाव आहे, बेडकांसकट. साहेबांनी बाळला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं, तरी आतलं सगळं बाहेर ऐकू गेलं. संध्याकाळी तो पाय ओढत घरी आला. अण्णा पलंगावर बसले होते. हातात चष्मा. एका काचेला तडा.

"काय झालं?"

"दुपारी आडवा होताना फळीवर ठेवला," अण्णा म्हणाले. "फळीने घेतला नाही."

"अरे देवा. आणि तुमचा जुना चष्मा?"

"बहुतेक कपाटात असेल." अण्णांचा चेहरा अगदी सरळ होता. "तेही ओढून बघितलं. नख गेलं."

"चहा तरी घेतलात का?"

"घेणार होतो. पण घड्याळात दोनला दहा कमी, म्हटलं अजून वेळ आहे. मग झोप झाली, पुन्हा पाहिलं, तरी दोनला दहा कमीच."

फोटोतलं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर होतं. उलटं छापल्यावर त्याचं असं झालं होतं.

बाळ काही बोलणार, तेवढ्यात अण्णा उठून भिंतीजवळ गेले. छापलेल्या खुंटीवर एक शाल होती. आईची. फोटो काढताना ती तिथे होती हे बाळच्या लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनी तिच्यावर हात ठेवला.

"गार वाटत होतं म्हणून घ्यायला गेलो होतो सकाळी," ते म्हणाले. "सुटत नाही ही."

बाळने स्टूल आणलं. "काढतो मी हे सगळं."

त्याने स्टुलावर चढून एक कोपरा ओढला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप त्याने मोठ्या विश्वासाने लावली होती. ती एकदम सुटली आणि कपाट, फळी, घड्याळ, खुंटीसकट सगळी खोली दोघांच्या डोक्यावर आली. बायको कामावरून आली तेव्हा जमिनीवर फ्लेक्सचा एक ढीग हलत होता.

"अण्णा? काय चाललंय?"

"काही नाही, सूनबाई," ढिगातून आवाज आला. "खोली आवरतोय."

बाहेर निघाल्यावर अण्णांनी फ्लेक्सची घडी बाळला घालू दिली नाही. स्वतः घातली, सावकाश, शाल वर येईल अशी, आणि ती उशाशी ठेवली. मग फोन वाजला. ताईच होती. बाळ दाराशी स्टूल धरून उभा राहिला.

"न करमायला वेळ कुठे आहे," अण्णा म्हणाले, "दिवसभर उसंत नाही. नाही गं, नाही जमायचं यायला. तुझा झोपाळा चांगला आहे, मला माहीत आहे. पण सूनबाई दिवसभर बाहेर असते." त्यांनी आवाज खाली आणला, पण बाळला ऐकू जाईल इतपतच. "मी निघालो तर याच्याकडे कोण बघणार?"