बाकाखालचा दिवा

व्होल्टकाकांनी किल्ली फिरवली आणि होडीच्या मोटरीने 'टक्' एवढंच केलं. गेले पाच रविवार ती एवढंच करत होती. बॅटरी नवीकोरी, दर रविवारी संध्याकाळी धक्क्यावर काठोकाठ चार्ज केलेली, आणि पुढच्या रविवारी बघावं तर निपचित. पस्तीस वर्षं वीजकेंद्रात इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाला बारा व्होल्टची बॅटरी दाद देत नव्हती, आणि धक्क्यावरची माणसं हे सगळं चहा पीत बघत होती. त्यांचं 'व्होल्टकाका' हे नावही तिथेच पडलं होतं.

"अहो, आजचा शेवटचा रविवार," काकूंनी आठवण करून दिली. "मोटर सुरू झाली नाही तर होडी तुमच्या पुतण्याला द्यायची. ठरलंय आपलं."

"सुरू होणार. व्याही यायच्या आत."

व्याही म्हणजे लेकीचे सासरे, दातांचे डॉक्टर. मागच्या महिन्यात जेवताना ते सहज म्हणाले होते, "वायरमन बोलवा की एखादा. मी डॉक्टर असलो तरी स्वतःची दाढ स्वतः काढत नाही." काकांना ते असं लागलं, की त्यांनी हात धुता धुताच व्याह्यांना होडीतून फिरायला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. आता दहा वाजता ते येणार होते आणि पावणेदहा झाले होते.

काकांचं निदान पक्कं होतं. बंद होडीत कोणीतरी चोरून वीज खात होतं. त्यांनी सगळ्या वायरींचा नऊ रंगांत नकाशा काढला होता. एकेक वायर मीटर लावून तपासली, सगळ्या निर्दोष सुटल्या. संशयित उरला एकच, बाकाखालच्या कप्प्यातला दिवा. बॅटरीही त्याच कप्प्यात होती. झाकण उघडलं की दिवा लागायचा आणि बंद केलं की विझायचा.

"विझतो कशावरून?" काका म्हणाले. "बंद झाकणाच्या आत कोणी बघितलंय?"

"मग दिवाच काढून टाका."

"असा अंदाजाने कारभार मी पस्तीस वर्षांत केलेला नाही. मी आत बसतो, तू झाकण लाव. दोनदा टकटक केली की उघड. आणि दोर सोडून ठेव, एक फास तेवढा राहू दे. लगेच निघायचंय."

काका पाय पोटाशी घेऊन कप्प्यात बसले. हवेसाठी वर एक भोक होतं, त्यामुळे जिवाची काळजी नव्हती. काकूंनी झाकण लावलं. मागे एकदा ते खडखडतं म्हणून काकांनीच बाहेरून कडी बसवली होती, ती आपोआप पडली. आत दिवा विझला. एकमेव संशयितही निर्दोष सुटला.

काकांनी दोनदा टकटक केली. नेमके त्याच क्षणी व्याही धक्क्यावर आले.

काकू त्यांना हात द्यायला पुढे झाल्या. होडी हलली तसे व्याही दचकले आणि त्यांनी आधारासाठी समोरचा दोर घट्ट धरला. तो शेवटचा फास होता. व्याही होडीत आले ते दोर हातात घेऊनच, आणि होडी मजेत धक्क्यापासून लांब निघाली.

"आमचे व्याही कुठायत?" त्यांनी काकूंना विचारलं.

"बॅटरी बघतायत," काकू म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

खालून पुन्हा टकटक झाली. काकूंचा हात कडीपर्यंत गेला आणि थांबला. नवरा बाहेर आला की आधी मीटर लावणार, मग नकाशा उलगडणार, आणि तोवर होडी समोरच्या खडकावर जाणार. होडीला शीडही होतं. सहा महिने त्यांनी त्यावरची नवऱ्याची व्याख्यानं मुकाट्याने ऐकली होती, पण शिडाला हात लावायची परवानगी त्यांना नव्हती. त्यांनी पदर खोचला, दोरी ओढली आणि शीड वर चढवलं. वारा भरला. होडी खडकाला वळसा घालून तुरुतुरु निघाली.

"तो आवाज कसला?" व्याह्यांनी विचारलं.

"बॅटरीचा. सवय होईल तुम्हाला."

काका ओरडू शकले असते. पण आपल्याच होडीच्या कप्प्यात कोंडलेले आपण व्याह्यांना दिसायचं, यापेक्षा अंधार बरा होता. आणि मग त्यांच्या मानेला गार वारा लागला.

बंद कप्प्यात वारा कुठून आला? त्यांनी चाचपलं. बॅटरीच्या मागे एक छोटा पंखा कण्हत फिरत होता. काकांनी तो लगेच ओळखला. सहा आठवड्यांपूर्वी नवी बॅटरी बसवताना, ती तापू नये म्हणून त्यांनीच तो लावला होता. कोणी मेन स्विच बंद केला तरी थांबू नये, म्हणून थेट बॅटरीला जोडला होता. नकाशा मात्र मेन स्विचपासून पुढचाच काढला होता, त्यात पंखा नव्हताच. पंखा रात्रंदिवस बॅटरीला वारा घालत होता आणि तिचंच रक्त पीत होता.

तासाभराने होडी अलगद धक्क्याला लागली. व्याही खाली उतरून पाठमोरे झाल्यावर काकूंनी कडी काढली. काका हातात पंखा घेऊन उभे राहिले. पंख्याला त्यांच्याच सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती: 'हे इथेच राहील. कुणीही हलवू नये.' काकूंनी ती सावकाश वाचली.

"सापडला का दोष?" धक्क्यावरून व्याह्यांनी मागे वळून विचारलं.

"सापडला. मुळापासून काढला," काका ठणकावून म्हणाले.

"छान. पण वहिनी काय होडी चालवतात हो! मोटर लागलीच नाही."

काकांनी काकूंकडे बघितलं. त्यांचे केस विस्कटले होते, हात सोलवटले होते आणि डोळे हसत होते. ठरल्याप्रमाणे मोटर सुरू झाली नव्हती.

"मग पुतण्याला कळवू?" काकांनी हळूच विचारलं.

"कशाला?" काकू म्हणाल्या. "होडीला काय झालंय?"

पुढच्या रविवारी काका आले, किल्ली फिरवली आणि मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. ते छाती काढून सुकाणूकडे वळले. तिथे काकू आधीच बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला, लाकडावर, पंख्यावरची ती चिठ्ठी नीट चिकटवलेली होती.